दर्शनी चित्राचे मानकरी

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत बाराही महिने श्रावण असतो, डोंगरमाथ्यावरचे ढग कधी हलत नाहीत, भातखाचरांतले पाणी कधी आटत नाही, आणि लोकवस्तीत मुख्यत्वेकरून काळे चष्मे लावून दोन्ही हात पसरलेल्या तरुणांचाच भरणा आहे, अशी एखाद्या दूरदेशीच्या गृहस्थाची समजूत झाली असेल तर त्यास दोष देण्याचे कारण नाही. त्या बिचाऱ्याने केवळ मोबाइलमधला नकाशा उघडून पाहिलेला असतो. नकाशातील स्थळाच्या नावावर बोट टेकविले की पडद्यावर एक छायाचित्र झळकते, आणि त्याच्यामागे आणखी शेकडो छायाचित्रे ताटकळत उभी असली तरी शंभरांतले नव्वद लोक त्या पहिल्याच चित्रावर समाधान मानून पुढल्या गावाला लागतात. या पहिल्या चित्रास आम्ही दर्शनी चित्र म्हणतो. गावाची कीर्ती सातवाहनकाळापासूनची असो की गेल्या पंचवार्षिक निवडणुकीपासूनची, आजच्या काळात जगापुढे त्याची वकिली करण्याची सनद या एका चित्रास मिळालेली आहे. आणि ही सनद कोण देतो, कोणत्या लायकीवर देतो, व ती चुकीच्या इसमास गेल्यास फिर्याद कोणत्या कचेरीत गुदरावयाची, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

ज्यांच्यापाशी याचे उत्तर आहे त्या कंपन्या ते पुरतेपणी सांगत नाहीत. त्यांच्या मदतपृष्ठांवर एवढाच मजकूर आढळतो की चित्र सुस्पष्ट असावे, पुरेशा उजेडात काढलेले असावे, त्यावर रंगरंगोटी फार नसावी आणि ते त्या जागीच घेतलेले असावे. दुकानदारास अथवा खाणावळवाल्यास आपल्या पसंतीचे दर्शनी चित्र सुचविण्याची मुभा आहे, परंतु तेच पहिले झळकेल अशी हमी मात्र नाही. अर्ज स्वीकारावयाचा, त्याची पोच द्यावयाची आणि निकालाविषयी मौन पाळावयाचे, ही कार्यपद्धती आमच्या मामलेदार कचेऱ्यांस अपरिचित नव्हती. तथापि तेथे निदान शिरस्तेदाराला चेहरा होता, त्याच्या टेबलावर पानाचा डबा होता, आणि त्याच्या मेव्हण्याची ओळख काढून फाइल कोणत्या कपाटात निद्रिस्त आहे एवढे तरी विचारता येत असे. यंत्रास मेव्हणा नसतो. ही त्याची सचोटी खरी, पण तिच्यामुळे अर्जदाराची पंचाईत होते.

एक काळ असा होता, म्हणजे संगणकाच्या पंचांगाने तो पुराणकाळच, की ही निवड लेखी नियमांनी होत असे. २००५ साली स्पेन देशात ‘पॅनोरामिओ’ नावाचे एक संकेतस्थळ निघाले, ज्यावर जगातल्या कोणीही उठावे आणि आपले छायाचित्र पृथ्वीच्या नेमक्या ज्या ठिकाणी घेतले त्या ठिकाणी टाचून ठेवावे. २००७ साली गूगलने ते विकत घेतले आणि तेथील निवडक चित्रे ‘गूगल अर्थ’च्या गोलावर दिसू लागली. निवडीचे कायदे स्पष्ट होते. चित्र स्थळाचे पाहिजे. समोर उभ्या राहिलेल्या माणसांचे नको, मोटारींचे वा विमानांचे नको, फुलांचे व जनावरांचे नको, छपराखालच्या अंतर्भागाचे नको, समारंभांचे नको. कायदा कागदावर निर्दोष होता यात संशय नाही. त्याची अंमलबजावणी जुन्नर तालुक्यात करून पाहावी म्हणजे त्याचे खरे स्वरूप ध्यानी येते.

लेण्याद्रीचा गिरिजात्मज हा अष्टविनायकांत एकटाच असा, की जो डोंगरावर, आणि तोही बौद्धांनी कोरलेल्या लेण्यात विराजमान झाला आहे. सुमारे ३०० पायऱ्या चढून, माकडांपासून प्रसादाचे रक्षण करीत भाविक वर पोहोचला की एकही खांब नसलेले ते प्रचंड दालन पाहून त्याचा उरलासुरला श्वासही थांबतो. परंतु दालन छपराखाली येते, सबब अपात्र. ओझरचा विघ्नेश्वर शिखरापुरता पात्र, गाभाऱ्यापुरता अपात्र. आळे येथे, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले त्या रेड्याची समाधी आहे. समाधी पात्र ठरली असती, पण रेडा स्वतः आज हयात असता आणि त्याने संपूर्ण ऋग्वेद म्हणून दाखविला असता तरी जनावरांच्या कलमाखाली त्याचा अर्ज निकालात निघाला असता. बेल्ह्याच्या बैलबाजाराविरुद्ध तर एकाच वेळी दोन कलमे लागू पडतात. आणि नारायणगाव? गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे तमाशाच्या फडमालकांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पंच यात्रेची सुपारी देण्यास येतात, बारीचा दर ठरविताना उभयपक्षी जे वक्तृत्व खर्ची पडते ते विधिमंडळातही सहसा ऐकू येत नाही. याच मातीत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे घुंगरू वाजले आणि राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. परंतु विठाबाई म्हणजे व्यक्ती, राहुटी म्हणजे छप्पर, आणि बारी म्हणजे समारंभ. या चाळणीतून नारायणगावाचे जे शिल्लक राहते ते टोमॅटोचे मार्केट, तेही टोमॅटो उचलून नेल्यानंतरचे.

पॅनोरामिओची दुकानदारी नोव्हेंबर २०१६ मध्ये बंद झाली. नियमावली जाऊन तिच्या गादीवर यंत्र बसले, आणि यंत्र बसल्यावर नियम सांगण्याची जबाबदारीही संपली. सौंदर्याची पारख यंत्रास कशी शिकवितात याची एक हकीकत मात्र प्रसिद्ध आहे आणि ती आमच्या मते सौंदर्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात घालण्याजोगी आहे. खाणावळींची परीक्षणे छापणाऱ्या ‘येल्प’ नामक अमेरिकन कंपनीने २०१६ साली स्वतःच जाहीर केले की आपल्याकडील असंख्य छायाचित्रांतून सुंदर कोणते हे ठरविण्यासाठी तिने यंत्राला शिकवणी दिली. आणि ही शिकवणी देताना सुंदर चित्राचे नमुने म्हणून त्याच्यापुढे ठेवली ती डीएसएलआर, म्हणजे मोठ्या भिंगाच्या व्यावसायिक धाटणीच्या कॅमेऱ्यांनी टिपलेली चित्रे. ज्याने एवढा खर्चिक कॅमेरा घेतला त्याला तो थोडाफार चालविताही येत असणार, असा त्यामागचा तर्क होता. भरतमुनींपासून जगन्नाथ पंडितापर्यंत आमच्या आचार्यांनी रसनिष्पत्तीचे कारण शोधण्यात आयुष्ये वेचली. खरेदीची पावती पाहावी हे त्यांपैकी एकाच्याही ध्यानात आले नाही. तर्क अगदीच खोटा नाही, हे मान्य केले पाहिजे. आमच्याकडेही नाट्यसंमेलनात पहिल्या रांगेतील प्रेक्षक अधिक रसिक मानला जातो, आणि त्याचे कारण त्याच्या रसिकतेत क्वचितच सापडते.

तथापि यंत्र काय करील ते करो, त्याच्यापुढे येणारा माल कोठून येतो हा या प्रकरणातील खरा मुद्दा आहे. निवड होते ती आलेल्या चित्रांतून, आणि चित्रे येतात ती आलेल्या माणसांकडून. नाणेघाटाशेजारच्या घाटघर गावचा रहिवासी जीवधनच्या कड्याकडे जन्मापासून पाहत आला आहे. गुरे कोणत्या बाजूस गेली आणि पाऊस कोणत्या बाजूने येतो एवढे त्यावरून कळले की त्याचे काम भागते, आणि तो कडा जागेवर असल्याबद्दल जगास दररोज वर्दी द्यावी असे त्यास वाटत नाही. याच्या उलट पुण्या-मुंबईहून शनिवारी पहाटे निघून रविवारी रात्री चाकणच्या वाहनकोंडीत अडकेपर्यंत ज्याचा मुक्काम, तो पाहुणा मात्र एकेका दगडाची चौदा चौदा छायाचित्रे काढून ती नकाशाच्या स्वाधीन करतो. हा पाहुणा येतो कधी? आषाढ-श्रावणात. वैशाखात तो महाबळेश्वरास असतो. परिणामी यंत्राच्या दफ्तरी जुन्नर-आंबेगावची जी रुजवात होते ती चार हिरव्या महिन्यांची. उरलेले आठ महिने, ज्यांत हे डोंगर तांबूस-पिवळे पडतात, गवत कापून गंजी रचल्या जातात, पश्चिमेकडच्या आदिवासी वाड्यांत बाळहिरडा वेचून अंगणात वाळत घातला जातो, आणि धरणांच्या उशाशी वसलेल्या काही वस्त्या टँकरच्या भोंग्याकडे कान लावून बसतात, ते आठ महिने नकाशाच्या पंचांगात अधिकमासासारखेसुद्धा येत नाहीत. लग्नाच्या बाजारासाठी काढलेल्या फोटोत मुलाने मित्राचा कोट घातलेला असावा आणि तो कोट त्याने पुढे जन्मभर अंगावर वागवावा अशी अपेक्षा मुलीकडच्यांनी करावी, तशी या डोंगरांची अवस्था झाली आहे. फेब्रुवारीत येणारे पाहुणे हडसरच्या पायथ्याशी उभे राहून ‘फोटोत होतं ते कुठे आहे हो?’ असे विचारतात, तेव्हा ‘ते जुलैमध्ये आहे’ एवढेच खरे उत्तर देता येते.

पाहुण्याच्या या औदार्यामागे केवळ निसर्गप्रेमच असते असे नाही. गूगलने आपल्या नकाशासाठी ‘लोकल गाइड’ म्हणून एक पदवी निर्माण केलेली असून तिच्या दहा पायऱ्या आहेत. एका छायाचित्रास पाच गुण, एका परीक्षणास दहा, नकाशात नसलेले नवे स्थळ नोंदविल्यास पंधरा, अशी जमाबंदी ठरलेली आहे; आणि दहाव्या पायरीवर विराजमान होण्यास एक लाख गुण लागतात. निव्वळ छायाचित्रांच्या बळावर ती गाठू म्हणणाऱ्यास वीस हजार छायाचित्रे काढावी लागतील. हा हिशेब कळल्यावर एकाच मिसळीच्या थाळीची तर्री घालण्यापूर्वीची, घालतानाची व घातल्यानंतरची छायाचित्रे अलग अलग का चढविली जातात याचा उलगडा होतो. पूर्वी मनसबदाराची पायरी त्याच्या पदरच्या घोड्यांवरून ठरे, आणि घोडे प्रत्यक्ष आहेत की केवळ कागदावर, हे पाहण्यासाठी त्यांना डाग देण्याची पद्धत होती. छायाचित्रांच्या बाबतीत अशी हजेरी सक्तीने घेतली जात नसल्यामुळे किल्ल्याच्या नावाखाली गुडघा, मोटारसायकल, मोटारसायकलवर टेकलेला गुडघा, आणि परतीच्या वाटेवरचे भजी असे चतुर्विध वाङ्मय जमा झालेले असते. त्यातून यंत्रास एखादा बरा डोंगर निवडावयाचा आहे हे ध्यानात घेतले, म्हणजे त्याच्याविषयीची आपली नाराजी बरीच निवळते.

आता नाणेघाटाकडे जाऊ. कारण छायाचित्र, त्याखालील नाव आणि त्यांचे भवितव्य यांविषयी जे काही शिकण्यासारखे आहे ते या घाटात दोन हजार वर्षांपासून कोरून ठेवलेले आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नरकडे येणारा माल या खिंडीतून वर चढे. खिंडीच्या तोंडाशी अजून एक दगडी रांजण आहे, आणि त्यात जकातीची नाणी पडत, अशी परंपरा आहे. तेथील लेण्याच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला प्रदीर्घ लेख असून त्यात कोणत्या यज्ञात किती गाई, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापणे दान केली याचा पै न पै हिशेब मांडलेला आहे, आणि तो आकड्यांत मांडल्यामुळे आजच्या अंकांचे काही फार जुने पूर्वज तेथे वास्तव्य करून आहेत. साइक्ससाहेबांनी १८२८ साली या लेण्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले आणि पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींसारख्यांनी त्या अक्षरांवर डोळे झिजविले. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती मागची भिंत. या भिंतीवर सातवाहन घराण्याने आपला सामुदायिक फोटो काढून घेतला होता. सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि राजा श्रीसातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन, अशी मंडळी ओळीने कोरलेली होती, आणि पुढल्या पिढ्यांनी ‘हे मधले कोण?’ असे विचारू नये म्हणून प्रत्येकाच्या डोक्यावर ज्याचे त्याचे नाव घातले होते. कालांतराने मूर्ती नष्ट झाल्या. पावलांच्या खुणांपलीकडे त्यांचे फारसे काही उरलेले नाही. नावे मात्र आहेत. म्हणजे चित्र गेले आणि चित्रपरिचय राहिला, व त्या परिचयाच्या जोरावर दोन हजार वर्षांनंतरही महाराष्ट्रातल्या एका मोठ्या राजवंशाची वंशावळ जुळविता आली.

त्याच घाटात आज उलट धबधबा प्रसिद्ध आहे. कोकणातून येणारा पावसाळी वारा कड्यावर आदळून इतक्या जोराने वर उसळतो की खाली पडू पाहणारे पाणी तो माघारी पाठवितो, आणि पाण्याने वरच्या दिशेने वाहावे या अघटिताचे चलच्चित्र घेण्यासाठी शनिवार-रविवारी घाटघरच्या रस्त्यावर मोटारींची रांग लागते. दर्शनी चित्राच्या शर्यतीत हा धबधबा आणि नागनिका परस्परांसमोर उभ्या ठाकल्या तर काय होईल हे सांगावयास ज्योतिषी नको. लेख अंधारात आहे, छपराखाली आहे, काळ्या दगडावर काळ्या अक्षरांत आहे. यंत्राच्या दृष्टीने ती एक ओलसर भिंत. धबधबा उजेडात आहे, हलता आहे, आणि त्याच्यापुढे हात पसरून उभे राहता येते. तो पाहताना ज्या मंडळींची पाठ लेण्याकडे असते त्यांना लेण्यात काय आहे हे नकाशानेही सांगितलेले नसते. आणि आणखी दोन हजार वर्षांनी एखाद्या साइक्ससाहेबास हे दफ्तर सापडलेच, तर काळ्या चष्म्यांतली लक्षावधी निनावी माणसे पाहून तो त्यांची वंशावळ कशी लावणार आहे याची आम्हांस काळजी वाटते.

खोडदची दुर्बीण या सगळ्या स्पर्धेपासून अलिप्त आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या नारायणगावच्या परिसरात मांडून प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या या रेडिओ दुर्बिणीला आकाशातून येणारे इतके क्षीण संदेश ऐकावयाचे असतात की मोबाइलची कुजबुजही तिला गोंगाट वाटते, म्हणून तिच्या आवारात तो बंद ठेवावा लागतो. उभ्या तालुक्यात पाहुण्याने आपला हात खाली ठेवून नुसत्या डोळ्यांनी काही पाहावे अशी सोय असलेली ही एकच जागा असावी. शिवनेरीचे प्रकरण निराळे; त्याला कोणाच्या दर्शनी चित्राची गरज नाही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी दुर्गांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत तो आहे, आणि त्या निवडीसाठी शासनास जाडजूड कागदपत्रे, नकाशे, तज्ज्ञांच्या प्रत्यक्ष भेटी व प्रदीर्घ प्रतीक्षा या सर्वांतून जावे लागले. जगातली एक निवड अजून कागदावर होते हे कळल्यावर जुन्नरास समाधान वाटले असेल. कारण हातकागद बनविण्यात हे गाव एके काळी नामांकित होते आणि पेशवाईच्या दफ्तरांत जुन्नरी कागदाला मान होता.

आंबेगाव तालुक्याची अडचण याहून मूलगामी आहे. तेथे दर्शनी चित्र कोणते निवडावे हा प्रश्न पुढचा. आधी आंबेगाव सापडले पाहिजे. शोधखिडकीत ते नाव लिहिणाऱ्यास कात्रजजवळची आंबेगाव बुद्रुक व आंबेगाव खुर्द ही, एके काळची गावे व आजची सदनिकांची जंगले, प्रथम भेटण्याचा संभव फार. तेथून सावरून तो घोड नदीच्या खोऱ्यात पोहोचला तर त्यास कळते की तालुक्याची कचेरी घोडेगावात आहे, बाजारपेठ मंचरला आहे, आणि ज्याच्यावरून तालुक्याचे नाव पडले ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. नकाशावर त्या ठिकाणी निळा रंग आहे. त्या निळ्या रंगाचे नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. विदेशी कापडाचा ट्रक अडविताना १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत ज्याने प्राण दिला तो बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. त्या जलाशयाच्या नावाखाली जमा होणारी छायाचित्रे मात्र बहुशः पाण्यात पडलेल्या सूर्यास्ताची असतात. उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर जुन्या गावाच्या ज्या दगडी खुणा वर येतात, त्या पाहावयास येतो तो विस्थापितांपैकी एखादा म्हातारा, आणि त्याच्यापाशी बटणांचा फोन असतो.

हिरव्या डोंगराविषयी एक गोष्ट येथेच सांगून टाकणे प्राप्त आहे, ती विनोदाची नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी याच तालुक्यातल्या माळीण गावावर असाच एक हिरवा, ढगांत बुडालेला, कोणत्याही दर्शनी चित्रात शोभला असता असा डोंगर कोसळला आणि दीडशेच्या वर माणसे गेली. त्या खोऱ्यातला माणूस मुसळधार पावसात डोंगराकडे पाहतो ते वेगळ्या नजरेने, आणि ती नजर यंत्रास शिकविण्याची तजवीज अजून कोणी केलेली नाही.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त अव्वल कारकून, अण्णा, या अन्यायाविरुद्ध एकटे लढत आहेत. त्यांच्या गावाच्या नावावर बोट ठेवले की पंधरा कोसांवरचा एक धबधबा दिसतो. कोण्या पाहुण्याने घरी जाऊन, चहा पिता पिता, आठवेल त्या गावाच्या पदरात तो घातला असावा. अण्णांनी चावडी, मारुतीचे देऊळ, पार आणि एसटीचा थांबा यांची स्वच्छ चित्रे काढून ती एका नकाशासेवेच्या स्वाधीन केली, आणि सोबत तक्रार लिहिली, जिच्या आरंभी ‘महाशय’ आणि अखेरीस ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव सविनय सादर’ होते. धबधबा हलला नाही. त्यांनी स्मरणपत्र पाठविले. त्यास उत्तर म्हणून ‘आपले छायाचित्र लोकप्रिय होत आहे’ असे अभिनंदन आले, आणि चौकशीअंती ते एसटीच्या थांब्याचे निघाले.

‘म्हणजे शेवटी न्याय मिळाला म्हणायचा, अण्णा,’ आम्ही म्हणालो.

‘कसला न्याय? गाडी चुकू नये म्हणून पाहताहेत लोक. मागच्या फळ्यावर वेळापत्रक आलंय ना!’

अण्णांचा हा खुलासा आम्हांस या विषयावरचा सर्वांत उपयुक्त अभिप्राय वाटतो. लोक ज्या चित्राकडे पुन्हा पुन्हा वळतात त्याला यंत्र भाव देते असे धरून चालले, तर रहिवाशाच्या हाती एक शस्त्र आहे. आणि ते म्हणजे पाहुण्याच्या उपयोगी पडणारी, आणि पाहुण्याजवळ नसलेली, माहिती. म्हणून जुन्नर व आंबेगाव या उभय तालुक्यांतील रहिवाशांस, विशेषतः शाळामास्तर, ग्रामसेवक, एसटीचे वाहक आणि सुट्टीत घरी आलेले कॉलेजचे विद्यार्थी यांस, आमची विनंती आहे की त्यांनी येत्या चैत्र-वैशाखात आपापल्या गावाची चार-चार चित्रे भर उजेडात काढावीत: वाळत घातलेला हिरडा, आटलेली विहीर, भरलेला बाजार, नाणेघाटाच्या भिंतीवरची अक्षरे, डिंभ्याच्या पाण्याबाहेर आलेले जोते, आणि सोबतच्या परीक्षणात गावाचे नाव, महिना व दाखविलेली वस्तू कोणती हे सातवाहनांप्रमाणे न विसरता लिहावे. छायाचित्रास पाच गुण व परीक्षणास दहा मिळतात. पगार कोणत्याही पायरीवर मिळत नाही.